पाणी आणलं, सोडायचं कुठे?

भिवंडीला समुद्रकिनारा नाही. खाडी आहे, कामवारी नदी आहे, वऱ्हाळदेवीचा तलाव आहे. पण वाळू आणि लाटा हव्या असतील तर जुहू किंवा गिरगाव गाठावं लागतं, नाहीतर भिवंडी रोडवरून वसईची गाडी धरायची आणि पुढे अर्नाळा. त्यामुळे माझ्या प्रबंधाचा विषय ‘मुंबईच्या किनाऱ्यांवरच्या घाणीचा इतिहास’ आहे असं सांगितलं की नातेवाइकांकडून ठरलेला प्रश्न येतो : मग तू भिवंडीत बसून काय करतेस?

उत्तर असं आहे की चौपाटीवरच्या घाणीची गोष्ट चौपाटीवर सुरू होत नाही. ती नळापासून सुरू होते, आणि मुंबईचे नळ भिवंडी तालुक्यातून जातात. तानसा आणि वैतरणेच्या जलवाहिन्या तुम्ही नक्की पाहिल्या असतील. शेतांमधून, गावांच्या कडेने, माणसाच्या उंचीपेक्षा जाड पाइप मैलोन् मैल गेलेले असतात. येवईला त्या पाण्यात क्लोरीन पडतं. पिसे इथे भातसा नदीचं पाणी उचलतात, पांजरापूरला ते शुद्ध होतं, मग खाडी ओलांडून मुंबईला जातं. हे पाणी तिथे पोचल्यावर काही नाहीसं होत नाही. माणसं पितात, अंघोळ करतात, भांडी घासतात, संडासात ओततात. सांडपाण्याच्या योजना आखणारे इंजिनियर एक ढोबळ नियम वापरतात : घरात गेलेल्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडतं. म्हणजे १०० लिटर पाणी आणलं, तर ८० लिटर कुठेतरी सोडायचं असतं.

‘कुठेतरी’ म्हणजे कुठे, हे मुंबईत कोणी, कधी आणि कुठल्या हिशोबाने ठरवलं, तो माझा अभ्यास.

मी मूळची विज्ञानाची. एमएस्सीला पर्यावरणशास्त्र होतं, त्यामुळे पाण्याचे नमुने तपासणं हातातलं काम. इतिहासाकडे आले ती तपासणीच्या आकड्यांमुळेच. प्रयोगशाळेत आपण ‘मर्यादा ३०’, ‘मर्यादा १००’ असं वहीत लिहितो आणि पुढे जातो. ती ३० किंवा १०० आली कुठून, हे विचारायला लागले आणि विचारता विचारता फोर्टातल्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत, राज्य पुराभिलेखागारात, जाऊन बसले.

आधी एक गैरसमज दूर करू. ‘पूर्वी किनारे किती स्वच्छ होते’ असं आपण सहज म्हणतो. जुहूबद्दल ते बऱ्याच अंशी खरं आहे, कारण जुहू तेव्हा शहराच्या बाहेर होतं. १९२४ साली अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेनंतर गांधीजी विश्रांतीसाठी जुहूला जाऊन राहिले होते. तिथली हवा आजाऱ्याला मानवेल अशी होती. गिरगावचं मात्र उलटं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर बॅक बेचा किनारा ही फिरायला जायची जागा नव्हतीच. वस्तीतली माणसं शौचाला वाळूवर आणि खडकांवर जायची, गटारं वाळूतच सुटायची, कडेला स्मशानं. मॅक्लीन नावाच्या इंग्रजाने १८७० च्या दशकात मुंबईचं गाइड लिहिलं. त्यात जुन्या दिवसांची आठवण काढताना तो सांगतो की संध्याकाळी त्या वाळूवरून मलबार हिलला घोड्यावरून जाणं म्हणजे नाक आणि डोळे दोन्हींची परीक्षा होती. आता तो साहेब, त्याला नेटिव्ह वस्तीचा वास जरा जास्तच येणार, हे धरून चालू. पण आरोग्य खात्याचे कागदही तेच सांगतात. १८६४ साली डॉ. लीथ यांनी मुंबई बेटाच्या स्वच्छतेवर अहवाल लिहिला, त्यातही किनारा हा शहराचा उकिरडाच आहे.

नळ येण्याआधी शहरातला मैला हलालखोर नावाने ओळखल्या जाणाऱ्या सफाई कामगारांनी टोपल्या-टोपल्यांनी डोक्यावरून आणि गाड्यांतून वाहून नेला. त्यांच्या कामासाठी नगरपालिका घरमालकांकडून ‘हलालखोर कर’ घ्यायची. म्हणजे कराला त्यांचं नाव होतं. अहवालांत मात्र माणसं म्हणून ती फारशी दिसत नाहीत, गाड्यांची आणि टोपल्यांची संख्या दिसते. ही ठरावीक जातींवर लादलेली व्यवस्था होती आणि गटारं आली म्हणून ती संपली नाही. टोपलीच्या जागी मॅनहोल आलं. हाताने मैला साफ करायला लावण्याविरुद्ध पहिला कायदा १९९३ चा, दुसरा २०१३ चा, आणि गटारात गुदमरून माणसं अजून मरतात. किनाऱ्याच्या इतिहासात हे कशाला, असं वाटेल. पण मैला पाण्याने वाहून न्यायचा की माणसाने, हाच त्या काळातला मूळ प्रश्न होता. उत्तर ‘पाण्याने’ असं ठरलं, आणि तिथून सगळं समुद्राकडे वळलं.

ठरलं कसं? १८५४ साली मुंबईत पाण्याचा भीषण तुटवडा झाला. विहिरी आणि तलाव आटले. मग हेन्री कॉनिबेअर या इंजिनियरच्या योजनेप्रमाणे मिठी नदीच्या उगमापाशी विहार तलाव बांधायला घेतला. १८५६ ला काम सुरू, १८६० ला पूर्ण. दिवसाला सुमारे ३ कोटी २० लाख लिटर पाणी नळाने शहरात यायला लागलं. गोविंद नारायण माडगावकरांचं ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ मध्ये छापून आलं. म्हणजे मराठीतलं मुंबईचं पहिलं मोठं वर्णन लिहिलं जात होतं तेव्हा शहराला नळ नुकताच फुटला होता.

आणि गटारं? ती तयारच नव्हती. विहारचं पाणी आणताना ते बाहेर काढायची सोय बरोबर केली नाही. विहिरीचं पाणी शेंदावं लागतं, म्हणून माणूस ते बेताने वापरतो. नळाचं पाणी भरपूर वापरतो. ते पाणी जुन्या उघड्या गटारांत उतरलं. मुख्य गटार शहराच्या मधून वाहत वरळीच्या बाजूच्या सखल भागात जायचं. हा सखल भाग म्हणजे अठराव्या शतकात हॉर्नबी व्हेलार्डचा बांध घालून समुद्राकडून मिळवलेली जमीन. भरतीच्या पाणीपातळीच्या खाली असलेली. तिथे उतार नाही. ओहोटीला दरवाजे उघडून पाणी सोडायचं, भरतीला बंद करायचे, आणि मधल्या वेळात शहराची घाण तिथेच तुंबायची. पाऊस पडला की विचारायलाच नको. (मुंबई पावसात ‘का’ तुंबते असं दरवर्षी टीव्हीवर विचारतात. उत्तराचा एक मोठा भाग अडीचशे वर्षांचा जुना आहे.)

त्याच सुमारास लंडनमध्ये काय चाललं होतं तेही पाहा. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्सचा वास इतका असह्य झाला की पार्लमेंटला पैसे मंजूर करावे लागले, आणि बॅझलजेटने मोठी भुयारी गटारं बांधून लंडनची घाण शहराच्या पूर्वेला, थेम्सच्या खालच्या अंगाला नेऊन सोडली. मुंबईचे इंजिनियर याच शाळेतले. आर्थर क्रॉफर्ड १८६५ मध्ये मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर झाले, तेव्हा वाद ‘भुयारी गटार हवं की नको’ यापेक्षा ‘त्याचं तोंड कुठे काढायचं’ यावरच जास्त रंगला. पूर्वेला बंदर होतं, जहाजं होती, व्यापार होता. तिथे घाण नको. पश्चिमेला उघडा समुद्र. शेवटी वरळीला, लव्ह ग्रोव्ह इथे, पंप बसवून सांडपाणी समुद्रात ढकलायचं ठरलं आणि एकोणिसावं शतक संपायच्या आत तसं होऊ लागलं. लव्ह ग्रोव्ह हे नाव ज्याने कोणी ठेवलं, त्याने हा वापर डोळ्यासमोर ठेवून ठेवलं नसावं.

इथे मला त्या इंजिनियरांना खलनायक करायचं नाही. कॉलऱ्याने माणसं मरत होती, आणि मैला वस्तीपासून लांब नेणं याने खरोखर जीव वाचतात. पण त्या निर्णयात एक गृहीत दडलेलं होतं : समुद्र इतका मोठा आहे की त्यात गेलेलं काहीही पातळ होऊन नाहीसं होतं. विहारच्या ३ कोटी लिटरांसाठी ते गृहीत कदाचित चाललंही असतं.

पण शहर विहारवर थांबलं नाही. १८७९ ला तुळशी. १८९२ ला तानसा, म्हणजे मुंबई पहिल्यांदा आपल्या ठाणे जिल्ह्यात पाण्यासाठी आली. १९५७ ला मोडकसागर, ज्याला नानासाहेब मोडक या मराठी इंजिनियरचं नाव आहे. १९७० च्या दशकात अप्पर वैतरणा, १९८० च्या दशकापासून भातसा, २०१४ ला मध्य वैतरणा. आज मुंबईला दिवसाला सुमारे ३९० कोटी लिटर पाणी मिळतं. विहारच्या शंभरपटीहून जास्त. किनारा मात्र तेवढाच राहिला. उलट भराव घालून काही ठिकाणी आत सरकला. प्रत्येक धरणाचं उद्‌घाटन झालं, फोटो निघाले, पाणी सोडल्याची बातमी आली. त्याच धरणाच्या ८० टक्के पाण्याचं दुसरं टोक कुठे उघडलं, त्याची बातमी शोधायला मला दिवसच्या दिवस लागतात.

आता त्या ‘३०’ आणि ‘१००’ कडे येते. हा भाग जरा तांत्रिक आहे, पण सोडू नका, कारण सगळी गंमत यातच आहे.

सांडपाणी किती घाण आहे हे मोजायचा जुना मार्ग म्हणजे बीओडी. पाण्यातली सेंद्रिय घाण जिवाणू खातात आणि खाताना पाण्यातला प्राणवायू वापरतात. जितका प्राणवायू जास्त खर्च, तितकं पाणी घाण. प्राणवायू संपला की मासे मरतात आणि कुजका वास सुटतो. ब्रिटनमध्ये सांडपाण्यावर एक रॉयल कमिशन बसलं होतं. त्याच्या १९१२ च्या अहवालात पहिल्यांदा आकडा आला : नदीत सोडायच्या पाण्याचा बीओडी लिटरला २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. पण त्याला अट होती. नदीत त्या पाण्याच्या किमान ८ पट स्वच्छ पाणी असलं पाहिजे. हिशोब सोपा आहे. स्वच्छ नदीचा बीओडी २ धरा. ८ भाग नदीचे, १ भाग सांडपाण्याचा. आठ दुणे सोळा, अधिक वीस, छत्तीस. भागिले ९, उत्तर ४. बीओडी ४ च्या वर गेला की नदी त्रास द्यायला लागते असं कमिशनचं निरीक्षण होतं. म्हणून २०. म्हणजे हा आकडा नुसत्या सांडपाण्याबद्दल काही सांगत नव्हता, तर सांडपाणी आणि पुढची नदी या जोडीबद्दल सांगत होता. तपासणी ५ दिवसांची ठेवली, कारण ब्रिटनमधल्या नद्यांचं पाणी तेवढ्या दिवसांत समुद्राला पोचतं, असं सांगितलं जातं. समुद्राला पोचलं की मोजायची गरज संपली! आपल्याकडे हवा गरम, जिवाणू जोरात. म्हणून भारतात ही तपासणी २७ अंश सेल्सिअसला ३ दिवस करतात. दिवस आपण बदलले. समुद्राबद्दलचं गृहीत बदललं नाही.

पुरावा हवा? महाराष्ट्राने पाणी प्रदूषणाचा कायदा १९६९ मध्येच केला, प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० ला आलं, केंद्राचा कायदा १९७४ चा. पुढे पर्यावरण संरक्षण नियमांना १९९३ मध्ये सर्वसाधारण मानकांचं परिशिष्ट जोडलं. त्यात नदी-तलावात सोडायच्या पाण्याला बीओडीची मर्यादा ३०, आणि किनाऱ्याच्या समुद्रात सोडायच्या पाण्याला १००. समुद्राला तिपटीपेक्षा जास्त घाण चालते, हे आपण कायद्यात लिहून ठेवलं. २०१७ मध्ये मैलाशुद्धीकरण प्रकल्पांसाठी कडक नियम आले, २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ते आणखी कडक करायला सांगितलं. पण २०१७ च्या त्या अधिसूचनेतही खालच्या टीपेत एक वाट ठेवलेली आहे : समुद्रात खोलवर नेलेल्या नळाच्या तोंडाशी सांडपाणी लगेच १५० पट पातळ होत असेल आणि १०० मीटरवर १५०० पट, तर जुनीच मर्यादा चालेल. १९१२ चे ८ पट, २०१७ चे १५०० पट. आकडा वाढला, विचार तोच.

हे समुद्रात खोलवर नेलेले नळ मुंबईला दोन आहेत, एक वरळीला आणि एक वांद्र्याला. दोन्ही किनाऱ्यापासून सुमारे ३.४ किलोमीटर आत जातात. जागतिक बँकेच्या कर्जातून, १९९५ मध्ये मंजूर झालेल्या सांडपाणी प्रकल्पात ही कामं पुरी झाली. मैल्यातला कचरा जाळीने अडवायचा, रेती खाली बसवायची आणि बाकीचं पाणी समुद्राच्या तळाशी नेऊन सोडायचं, अशी कल्पना. त्यांचा फायदा झाला नाही असं मी म्हणणार नाही. पूर्वी तेच पाणी किनाऱ्याला लागून सुटत होतं. पण पातळ करण्याचा हिशोब एकदा करून बघा. कच्च्या सांडपाण्याच्या १०० मिलिलिटरमध्ये विष्ठेतल्या कोलिफॉर्म जिवाणूंची संख्या १ कोटीच्या घरात असू शकते. समुद्रात पोहायला योग्य पाण्यासाठी आपल्याकडचं मानक आहे १०० मिलिलिटरला १००. म्हणजे नुसतं पातळ करून तिथवर यायचं तर एक लिटर सांडपाण्याला एक लाख लिटर स्वच्छ पाणी लागेल. १५०० पट त्याच्या जवळपासही नाही. उरलेलं काम ऊन, खारं पाणी आणि वेळ यांनी करायचं असतं. पावसाळ्यात ऊन नसतं, आणि वारा किनाऱ्याकडे असतो.

हे कोलिफॉर्म स्वतः बहुतेक निरुपद्रवी असतात बरं का. १८८५ मध्ये थिओडोर एशेरिश या बालरोगतज्ज्ञाने बाळांच्या विष्ठेत ज्या जिवाणूचं वर्णन केलं, त्याचीच ही मंडळी. ती पाण्यात सापडली याचा अर्थ त्या पाण्यात विष्ठा आली आहे, आणि तिच्याबरोबर टायफॉइड, कावीळ, जुलाब यांचे जंतूही आलेले असू शकतात. ती चुगली करतात, एवढंच. पण समुद्राच्या पाण्याबाबत ही चुगली ऐकायची की नाही यावरही बराच काळ एकमत नव्हतं. १९५९ मध्ये ब्रिटनमधल्या एका वैद्यकीय समितीने निष्कर्ष काढला की किनाऱ्यावरचं पाणी डोळ्यांना किळसवाणं दिसत नसेल तर पोहण्याने आजारी पडण्याचा धोका नगण्य आहे. युरोपने १९७६ मध्ये पोहण्याच्या पाण्याचे नियम केले तेव्हा कुठे चित्र पालटायला लागलं. ‘दिसत नाही म्हणजे नाही’ हा विचार फक्त आपल्याकडचा नाही.

दिसणाऱ्या घाणीचंही बघू, कारण पर्यटक तीच बघतो. वर्सोव्याची गोष्ट तुम्हाला माहीत असेल. ऑक्टोबर २०१५ मध्ये अफरोज शाह या वकिलाने एका वृद्ध शेजाऱ्याला बरोबर घेऊन तिथला कचरा उचलायला सुरुवात केली. माणसं जोडली गेली, लाखो किलो कचरा निघाला, २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी त्यांचा गौरव केला. मार्च २०१८ मध्ये त्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्लं कित्येक वर्षांनी दिसली. त्याच वर्षी राज्यात प्लास्टिकबंदी आली. हे सगळं मनापासून आवडावं असंच आहे. पण वर्सोव्याला लागूनच मालाडच्या खाडीचं मुख आहे, आणि मुंबईच्या सात सांडपाणी विभागांपैकी वर्सोवा आणि मालाड या दोन विभागांचं पाणी त्या खाडीत येतं. बोटांनी उचलता येतं ते स्वयंसेवकांनी उचललं. जे बोटांनी उचलता येत नाही त्यासाठी झाडू नाही, पंप आणि टाक्या लागतात.

जुहूचंही तसंच. तिथे भेळ-पाणीपुरीवाल्यांना आणि शनिवार-रविवारच्या गर्दीला नावं ठेवायची पद्धत आहे. कागदी बशा, कणसाचे बुरकंडे, नारळ हे त्यांचं, मान्य. पण इर्ला नाला जुहूजवळ समुद्राला मिळतो, तो भेळवाल्यांचा नाही. मुंबईत नाले हे पावसाच्या पाण्यासाठी आहेत. त्यांत मैला का? कारण २०११ च्या जनगणनेप्रमाणे शहरातली ४० टक्क्यांहून जास्त माणसं झोपडवस्त्यांत राहत होती, आणि त्यांतल्या बहुतेक वस्त्यांपर्यंत भुयारी गटार गेलेलंच नाही. सार्वजनिक संडासाची टाकी भरली की ती नाल्यात. नाला समुद्रात. ३.४ किलोमीटर आत नेलेला नळ या पाण्याला भेटतच नाही. मग ‘झोपडीवाले घाण करतात’ असं म्हणणारे भेटतात. त्यांना मी एवढंच विचारते, गटाराचं कनेक्शन घ्यायला त्यांनी नाही म्हटलं होतं का? जानेवारी २०२३ मध्ये सात नव्या मैलाशुद्धीकरण प्रकल्पांचं भूमिपूजन झालं, दिवसाला सुमारे २४६ कोटी लिटर क्षमतेचं. ते पूर्ण झाले की फार मोठा फरक पडेल. पण प्रकल्पात पाणी पोचण्यासाठी आधी ते गटारात यावं लागतं, नाल्यात नव्हे.

आता भिवंडी. कारण आपण इथे बसून मुंबईला बोल लावणं फार सोपं आहे.

१६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि इथल्या खाडीत मराठ्यांच्या जहाजांची सुरुवात झाली, हे आपण अभिमानाने सांगतो. म्हणजे ही खाडी समुद्राला जोडलेली आहे हे आपल्याला चांगलं ठाऊक आहे. कामवारी खाडीला मिळते, खाडी वसईच्या किल्ल्यापाशी अरबी समुद्राला. भरती-ओहोटीचं पाणी दिवसातून दोनदा वरखाली होतं. २०११ मध्ये भिवंडीची लोकसंख्या ७ लाखांच्या वर होती. स्टेम कंपनी, मुंबई महापालिका आणि वऱ्हाळदेवी तलाव असं तिन्हीकडून मिळून आपल्याला पाणी येतं; वेळेवर आणि पुरेसं येतं की नाही हा वेगळा लेख होईल. येतं तेवढ्याचे ८० टक्के बाहेर पडतात, आणि ते कुठे जातात हे कामवारीच्या पुलावर उभं राहिलं की नाकाला कळतं.

त्यात आपली खास भर म्हणजे कापड. मागावर ताणलेला धागा तुटू नये म्हणून त्याला साइझिंगमध्ये खळ लावतात, स्टार्चची. कापड रंगवायच्या आधी ही खळ धुऊन काढावी लागते. स्टार्च म्हणजे जिवाणूंसाठी भाताची पेजच. सुती कापडाच्या धुलाई-रंगाईतल्या एकूण बीओडीचा मोठा वाटा एकट्या या खळीचा असतो. रंगाचं पाणी लाल-निळं दिसतं म्हणून त्यावर ओरड होते. खळीचं पाणी रंगाशिवाय जातं, म्हणून कोणी बघत नाही, आणि प्राणवायू तेच जास्त खातं. काल्हेर-कशेळीच्या बाजूला खाडीवर जगणाऱ्या आगरी-कोळी घरांमधले म्हातारे निवट्या, बोय, चिंबोऱ्या कमी झाल्याचं सांगतात, तेव्हा ते प्राणवायूचाच हिशोब सांगत असतात, बीओडी हा शब्द न वापरता.

आणि ज्या शहापूर तालुक्यात तानसा, वैतरणा, भातसा ही सगळी धरणं आहेत, तिथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर जातो. म्हणजे पाणी ज्यांच्या उशाशी त्यांना नाही, मधे आपण अर्धवट, पुढे मुंबईला भरपूर, आणि त्या सगळ्याचं सांडपाणी वरळी, मालाड आणि वसईच्या कोळ्यांच्या जाळ्यात. हा नकाशा एका सलग कागदावर काढलेला मला कुठल्याही सरकारी अहवालात सापडला नाही. पाणीपुरवठ्याचं खातं वेगळं, मलनिस्सारणाचं वेगळं, किनाऱ्याचं पर्यटनाकडे. माझ्या प्रबंधातलं एक अख्खं प्रकरण हा नकाशा जोडण्यातच चाललं आहे.

हमखास विचारला जाणारा दुसरा प्रश्न : मग जुहूला मुलांना पाण्यात सोडायचं की नाही? मी सांगते ते असं. वाळूवर खेळू द्या. पावसाळ्यात, आणि मोठा पाऊस पडून गेल्यावर पुढचे दोन-तीन दिवस, पाण्यात उतरू देऊ नका; भिजून झालं की हात धुतल्याशिवाय भेळ नको. किनाऱ्याला पोचल्यावर आधी नाला कुठे पडतो ते बघा आणि त्याच्यापासून जितकं लांब जाता येईल तितकं जा. नाकाने पाणी खराब आहे असं सांगितलं तर त्याचं ऐका. पण वास नाही म्हणून पाणी चांगलं असं समजू नका.

सध्या मी भिवंडीपुरती एक वेगळी यादी करते आहे : शहरातली कुठली गटारं कामवारीला कधीपासून मिळायला लागली, त्याची. नगरपालिकेच्या कागदांत ती तुटक तुटक सापडते. तुमच्या घरात कोणी कामवारीत पोहायला शिकलेलं असेल, कपडे धुवायला तिथे जाणारं असेल, तर कुठला घाट, अंदाजे कुठल्या सालापर्यंत, आणि जाणं का बंद झालं, एवढं त्यांना विचारून मला कळवा. साल नेमकं आठवत नसेल तरी चालेल. ‘धाकट्याच्या लग्नाच्या आधी’, ‘दंगलीच्या नंतर’ असं सांगितलं तरी मला पुढे शोधता येतं.